नवऱ्याचं नाव शेवटी

तिचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा. खरं सांगायचं तर राग कसला, निव्वळ मत्सर!

मी सांगलीतली, बी.ए. झालेली. ती पाटणकडची, बोलण्यात सारखं 'हाय' आणि 'लय'. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका संस्थेच्या पाहणीसाठी पलूसजवळच्या गावांत घरोघर जाऊन बायकांना प्रश्न विचारायचं काम आम्हा दोघींना मिळालं होतं. भाजी करपली, उलट उत्तर दिलं, न सांगता माहेरी गेली, तर नवऱ्यानं बायकोला मारणं बरोबर आहे का? पुढे 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. काम संपल्यावर दोघींतली एकच कायम होणार होती. घरी माझ्या लग्नाची घाई चाललेली. ही नोकरी लागली तरच माझी सुटका होती.

माझ्या कागदांवर सगळीकडे 'हो'. "चुकलं तर मारनारच की, बाई," एवढं बोलून बायका गप्प. तिच्या कागदांवर मात्र 'नाही'च जास्त, आणि खाली बारीक अक्षरात बायकांचे शब्द. पाहणीचे प्रमुख असलेले सर ते मन लावून वाचायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा! ही बया मनानंच भरते, अशी माझी खात्री झाली. म्हणून एके दिवशी तिच्या मागोमाग गेले.

एका घराच्या परसात ती त्या घरच्या सुनेबरोबर गवार मोडत बसली होती. मी कुडाआड उभी राहिले.

"न्हाई वो ताई, बरोबर कसं आसंल?" ती सून म्हणत होती. "परवा भाकरी करपली तर फुकणीनं मारलं. मी काय जनावर हाय व्हय? पर कुनाला सांगू नगासा."

सगळं विचारून झाल्यावर ही उठून पुढच्या सोप्यात बसलेल्या सासूकडे गेली आणि म्हणाली, "आवं आत्याबाई, तुमच्या लेकाचं नाव तेवढं सांगा की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कागदावर पहिलाच प्रश्न नवऱ्याच्या नावाचा. मी तोच आधी विचारायची. बाई नवऱ्याचं नाव कशी घेणार? ती लाजून सासूला हाक मारायची. सासू नाव सांगायची आणि तिथंच ठाण मांडायची. मग सून दुसरं काय बोलणार, कप्पाळ! माझी आई तरी कुठं नाव घ्यायची? पण एवढं शिकून माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

मी तडक सरांकडे गेले. "सर, ती प्रश्नांचा क्रम मोडते."

क्रम मोडायचा नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती. त्यांनी तिला बोलावून विचारलं. तिनं "व्हय" म्हणून सरळ कबूल केलं. तिचे सगळे कागद बाद झाले, त्या सुनेचाही. मी कायम झाले.

तिला एसटीवर सोडायला मीच गेले होते. चढता चढता ती म्हणाली, "मला इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं की गं."

पुढच्या वर्षी फलटणकडचं काम निघालं. मी सरांना सुचवलं, या वेळी नवऱ्याचं नाव शेवटी छापूया, आणि कारणही नीट समजावून दिलं. सर खूश झाले. "वा! हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," मी म्हणाले.