एकच मेस्त्री

सुतारकामाच्या त्या कारखान्यात मेस्त्री एकच, हा खुद्द मेस्त्रींचा कायदा. जावई हाताखाली राबून राबून म्हातारा व्हायला आला; पण एखादं गिऱ्हाईक चुकून त्याला मेस्त्री म्हणालं, की सासऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी जेवतानासुद्धा जावयाने त्यांना मेस्त्रीच म्हणायचं.

हा सगळा तोरा करवतींच्या जोरावर. त्यांच्यासारखी धार दुसऱ्या कोणाला जमत नसे. दातांना कानस मारायची वेळ आली, की मेस्त्री सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी बसत. जावयाने एकदा मागून डोकावलं, तर त्यांनी करवत गोणपाटात गुंडाळली आणि कितीतरी दिवस अबोला धरला. हातचं राखण्यात शहाणपण आहे, असं त्यांना मनापासून वाटे. खरं तर तो निव्वळ कद्रूपणा होता.

एकदा भाषांतरं करणाऱ्या एक बाई पुस्तकांचं कपाट करून घ्यायला आल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की मेस्त्री हा शब्द मूळ पोर्तुगीज. तिकडे कसबी कारागिराला तो लावतात, तसा शिकवणाऱ्या गुरुजींनाही. मेस्त्रींची छाती फुगली. मग बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या हाताखाली कोण कोण तयार झालं?"

जावई तोंडावर हात धरून हसला. मेस्त्रींनी त्याचा राग बाईंवर काढला आणि त्यांचं कपाट मुद्दाम रखडवलं.

पुढे मेस्त्रींच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं. करवतीचे दात दिसेनात. करवती लाकडात अडकू लागल्या, फळ्यांच्या कडा फाटू लागल्या, गिऱ्हाइकं तोंडावर बोलू लागली. बाहेरून धार लावून आणायची म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. शेवटी एका सकाळी मेस्त्रींनी स्टूल फिरवून घेतलं, सगळ्यांकडे तोंड करून बसले आणि जावयाला हाक मारली.

"ये. दाखवतो तुला."

जावयाने हातातला रंधा थांबवला नाही. "माझे डोळे चांगले होते तेव्हा तुम्ही पाठ फिरवलीत," तो म्हणाला. "आता मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही. तुमचं तुमच्यापाशीच राहू दे."

"अरे, मग पुढे कारखान्याचं काय?"

"बंद पडेल."

मेस्त्रींनी बोटांनी करवतीचे दात चाचपले, अंदाजाने कानस टेकवली आणि ती भलतीकडेच घसरली. बघायला कोणीही आलं नाही.