दाजी गाडी बघायला येतात

रविवारची दुपार. जेवण जरा जड झालं आहे, पंखा कुरकुरतो आहे, आणि श्रीपाल शेटे दिवाणावर आडवा होऊन छातीवर ठेवलेल्या फोनकडे अधूनमधून बघतो आहे. शोरूममधल्या तेजश्रीबाईंना संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. हायब्रिड गाडी नक्की करायची की नाही, आणि करायची तर पांढरी की राखाडी. मिरजेत श्रीपालचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकाकडे एकदा बघून फ्रेम ठरवणारा हा माणूस कधीपासून एका गाडीपाशी अडून बसला आहे.

त्याला कारणही तसंच. घरातली कुठलीही मोठी खरेदी दाजींना विचारल्याशिवाय कधी झालीच नाही. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, भूपाल चौगुले. संशयी म्हणून अख्ख्या गावात नाव. फ्रीज घ्यायचा तर आत डोकं घालून वास घेणार. टीव्ही घ्यायचा तर दुकानदाराला विचारणार, तुमच्या स्वतःच्या घरात कुठला आहे? मागच्या उन्हाळ्यात दाजी गेले आणि अक्का भावाकडे राहायला आली. श्रीपालची बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आहे, त्यामुळं सध्या घरात बहीणभाऊ दोघंच. अक्का आतल्या खोलीत झोपली आहे. पंख्याची कुरकुर हळूहळू लांब जाते. फोन छातीवरून घसरतोय हे श्रीपालला कळतं, पण हात काही उचलत नाही.

शोरूमच्या काचेवर कुणीतरी नुकतंच पाणी मारलं आहे. आत दिवे लागलेत. मधोमध ती राखाडी गाडी आहे आणि तिच्याभोवती दाजी फिरताहेत.

"ये," दाजी म्हणतात. "तुझीच वाट बघत होतो."

दाजी गेलेत हे श्रीपालला पक्कं ठाऊक आहे. तो आधी त्यांच्या पायांकडे बघतो. पावलं सरळ आहेत. पायात नव्या करकरीत चपला आहेत. मापं देऊन करायला टाकलेल्या, आणि ते गेल्यावर घरी आलेल्या.

तेजश्रीबाई पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या आहेत. "सर, ही स्वतःच ठरवते. कधी पेट्रोलवर जायचं, कधी बॅटरीवर. तुम्हाला काही बघावं लागत नाही."

आता दाजी पकडणार, असं श्रीपालला वाटतं. दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्या मधे बुडतो, असं काहीतरी सुनावणार. दाजी गाडीवरून हात फिरवतात.

"छान आहे," ते म्हणतात.

"दाजी, बॅटरी किती टिकते ते विचारलं नाही तुम्ही."

"टिकेल की."

"बोनेट उघडायला लावलं नाही."

"झाकून ठेवलंय म्हणजे आत चांगलंच असणार."

भाजीवाल्याची जुडी सोडून मधली पानं बघणारा हा माणूस. ह्यांना झालंय तरी काय? आणि हे नक्की तेच आहेत का?

दाजी खुर्चीत बसले आहेत. ती दुकानातली डोळे तपासायची खुर्ची आहे. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, कपाटात फ्रेमा आहेत, आणि फ्रेमांच्या मागं ती राखाडी गाडी उभी आहे. ती आत कुठून आली हे विचारायचं श्रीपालला सुचत नाही. तो दाजींच्या डोळ्यांपुढं एक भिंग धरतो.

"कसं दिसतंय?"

"स्वच्छ."

तो भिंग बदलतो. "आता?"

"स्वच्छ."

जाडं, पातळ, जे भिंग लावावं ते दाजींना स्वच्छ दिसतं आहे. जिवंतपणी ह्याच खुर्चीत बसून त्यांनी श्रीपालला घाम फोडला होता. श्रीपाल हातातलं भिंग खाली ठेवतो.

"तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं चष्मा करायला आलात, तेव्हा काय म्हणाला होतात?"

दाजी हसतात. "मेहुण्याकडं चष्मा करू नये म्हणालो होतो. दिसलं नाही तरी बोलायची चोरी."

म्हणजे दाजीच. पण श्रीपालच्या मनातली पाल चुकचुकायची थांबत नाही. त्याची आई सांगायची, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही देत असेल तर घ्यावं, मागत असेल तर देऊ नये, आणि चल म्हणालं तर कुठंही जाऊ नये.

"चल," दाजी म्हणतात. "एक चक्कर मारून येऊ."

ते आता स्टिअरिंगवर आहेत. शेजारचं दार उघडं आहे. गाडी श्रीपालच्या घरामागच्या अंगणात उभी आहे, वरती शोरूमचे पांढरे दिवे तसेच आहेत, आणि दोरीवर अक्काची लुगडी वाळत घातली आहेत.

"तुम्हाला चालवता येत नाही, दाजी."

"आता येतं."

"सुरू केलीय का?"

"केव्हाच. हिचं असंच असतं. चालू आहे का बंद, बाहेरून कळत नाही."

श्रीपाल एक पाऊल मागं सरतो. "मी नाही बसत."

"तुला कोण बस म्हणतंय? तुझ्या अक्काला हाक मार."

आतल्या खोलीचं दार थेट गाडीच्या उघड्या दारासमोर आलं आहे. आत अक्का कुशीवर झोपलेली दिसते. तिचा एक पाय कॉटवरून खाली लोंबतो आहे आणि डोळे न उघडता चपला चाचपतो आहे.

"अक्काचं काय काम आहे?"

"तिला फिरवायचं राहून गेलं," दाजी म्हणतात. आवाज अगदी साधा आहे, त्यात कसलाही कावा नाही, आणि म्हणूनच श्रीपालला जास्त भीती वाटते. "गाडी घेऊ, गाडी घेऊ म्हणत जन्म गेला. मी बघेन त्या गाडीत खोट निघायची. आयुष्यात एकदाही फसलो नाही, श्रीपाल. आणि ती मात्र एसटीच्या खिडकीला डोकं टेकून हिंडली. बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला गेलो ते स्कूटरवर, परत येताना पाऊस, आणि ही माझ्या पाठीमागं भिजून चिंब. एका शब्दानं बोलली नाही. तिला वेंगुर्ल्याचा समुद्र बघायचा होता."

"मग नेऊन परत कधी सोडणार?"

दाजी पुढच्या काचेतून बघत राहतात.

"दाजी. परत आणणार ना?"

"रस्ता चांगला झालाय आता," दाजी म्हणतात.

श्रीपाल उभ्या जन्मात दाजींपुढं मोठ्यानं बोललेला नाही. तो पुढं होतो आणि उघडं दार लावून टाकतो. मग दाराला पाठ लावून उभा राहतो. त्याच्या मागं गाडी आहे, समोर झोपलेली अक्का.

"उतरा खाली."

"माझ्यावर संशय घेतोस?"

"तुमच्याकडनंच शिकलो. परतीचं विचारल्यावर जो रस्त्याचं बोलतो, त्याच्याशी व्यवहार करायचा नाही."

श्रीपाल खांद्यावरून मागं बघतो. मग दाजी मान वळवून त्याच्याकडे बघतात. त्यांचे डोळे बारीक होतात, डावी भुवई वर जाते. इतका वेळ ही नजरच नव्हती त्यांच्या डोळ्यांत. श्रीपालला एकदम भरून येतं.

"तू नेशील तिला?"

"नेईन."

"म्हणायला काय जातंय? मीपण म्हणतच होतो."

"मी गाडी घेऊन नेईन. राखाडी."

"मला आवडली म्हणून?"

"धूळ दिसत नाही म्हणून."

"हं." दाजी दार उघडून खाली उतरतात. नव्या चपला करकरतात. "आणि बोनेट उघडून बघ. ती पोरगी जरा जास्तच गोड बोलते."

तेजश्रीबाई आता पूजेचं ताट घेऊन उभ्या आहेत. दाजी ताटातलं लिंबू उचलतात, खाली वाकून पुढच्या चाकाखाली सरकवतात, आणि गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठतात. अगदी जिवंतपणी उठायचे तसे. गाडीत कुणीच नाही. तरी ती हलते. जराही आवाज न करता चाक फिरतं, लिंबू फुटतं, आणि गार रस श्रीपालच्या अनवाणी पायावर उडतो.

"दाजी, ब्रेक," तो म्हणतो. पण अंगणात कुणी नाही.

पंखा फिरतो आहे. फोन जमिनीवर पडलेला आहे. श्रीपाल तो उचलतही नाही, तडक आतल्या खोलीच्या दारात जातो.

अक्का कॉटवर उठून बसली आहे आणि केस सारखे करते आहे. "काय रे? असा का बघतोस?"

"काही नाही." "झोप झाली का?"

"झाली की."

बाहेर फोन वाजतो. तेजश्रीबाईच आहेत, गोड आवाजात विचारताहेत, सर काय ठरलं? श्रीपाल म्हणतो, "राखाडी घेतोय. पण उद्या मी येतो, मला बोनेट उघडून सगळं दाखवा. बॅटरीचंही नीट समजावून सांगा. मगच बुकिंग." त्या "या ना सर" म्हणतात.

तो परत दारात येतो. "अक्का, गाडी आली की वेंगुर्ल्याला जाऊन येऊ. समुद्र बघू आणि परत येऊ."

अक्काचे हात केसांतच थांबतात. "वेंगुर्ल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"का?"

"ह्यांच्याशिवाय कुणाजवळ बोलले नव्हते मी." ती त्याच्याकडे टक लावून बघते. मग नाक वर करून हुंगते. "आणि लिंबू कुठनं आणलंस? घरात तर एक नाही."

श्रीपालच्या टाचेला काहीतरी टोचतं. तो भिंतीला हात लावून पाय उचलतो. टाचेला लिंबाची एक बी चिकटली आहे. तो ती काढून तळहातावर घेतो आणि खिडकीपाशी उजेडात धरून बघतो. बी अजून ओली आहे, एका बाजूनं चेपलेली, आणि चेपलेल्या जागी टायरचा काळा डाग आहे.