वक्ररेषा आणि भाची

माझ्या भावाची मुलगी बारावीला माझ्याकडे डोणगावला राहायची. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. भाऊ-वहिनी जानेफळला भाजीपाला पिकवतात. परदेशातल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळू शकते असं पोरीने कुठूनतरी ऐकलं आणि त्यासाठीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं.

पुण्याच्या एका मार्गदर्शक सरांनी तिला फोनवर सांगितलं, "ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेतलाय ना? त्याशिवाय या परीक्षेला बसूच नका."

इतकी वर्षं गणित शिकवूनही मी ते आलेख काढणारं यंत्र हातात धरलेलं नव्हतं. आमच्या बोर्डाच्या परीक्षेत मुलं आलेख हाताने काढतात. आम्ही दोघी मेहकरला गेलो. दुकानदाराने मोठ्या बटणांचा, अडतीवर असतो तसला कॅल्क्युलेटर पुढे ठेवला. "याच्यात जीएसटी बी निघते, मॅडम." भाची हसली, पण परतताना एसटीत म्हणाली, "बाकीच्याइजवळ असंल, आत्या. माह्याजवळच नसंल."

शेवटी आमच्या संगणकाच्या सरांनी परीक्षेचे नियम नीट वाचून काढले. परीक्षा संगणकावरच होती आणि आलेख काढायची सोय पडद्यावरच दिलेली होती. वेगळं काही विकत घ्यायची गरज नव्हती. आम्हाला वाटलं, सुटलो.

ती माझ्या लॅपटॉपवर सराव करू लागली. समीकरण टाकलं की रेष आपोआप उमटायची. एका रविवारी भाऊ आला, मागे उभा राहून बघू लागला.

"रेष तर यंत्रच काढून राह्यलं," तो म्हणाला. "मंग तुले काय येते, हे त्यांले कसं समजीन?"

"बाबा, कोणती रेष काढाची ते मले ठरवा लागते."

उत्तर मला आवडलं होतं. पण महिन्याभरात ती साधी अवयव पाडायची गणितंही पडद्यावर टाकू लागली. एकदा मी मुद्दाम एक गणित दिलं. एक अन्वस्त वक्ररेषा, एक सरळ रेषा, दोन्ही किती ठिकाणी छेदतात? x² आणि 12x − 20. तिने पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं, "एकाच ठिकाणी."

"हाताने करून बघ."

तिने केलं. उत्तरं दोन आली, 2 आणि 10. दुसरा छेदनबिंदू खूप वर होता, पडद्याच्या चौकटीबाहेर. चौकट मोठी केल्यावर दिसला. वर्गात असं घडलं असतं तर मुलं मजेने ओरडली असती. हिचा चेहरा उतरला.

"म्हंजे हे बी खोटं बोलते?"

"खोटं नाही बोलत गं. तू दाखव म्हणशील तेवढंच दाखवतं."

तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. त्यानंतर ती प्रत्येक गणित दोनदा सोडवू लागली. मी म्हटलं, अगं, कुठं काय वापरायचं ते आधी ठरव. ती म्हणायची, "ठरवतो, पण भेव वाटते."

परीक्षा संभाजीनगरला होती. मी बाहेर थांबले होते. ती आली तेव्हा तिच्या हातात पाण्याची बाटली होती, आत नेली तशीच भरलेली.

"शेवटचे गणितं राह्यले, आत्या. वेळच नाही पुरला. स्क्रीनवर पाह्यलं की वाटे, बाहेर अजून काही असंल. हातानं केलं की वाटे, चुकलं असंल. मंग पुन्हा स्क्रीन." बाटली माझ्या हातात देत म्हणाली, "येत होते ते. सगळे येत होते."

गुण शिष्यवृत्तीला लागतात त्याहून कमी आले. मी जानेफळला सांगायला गेले, तेव्हा भाऊ मेथीच्या जुड्या बांधत होता. सगळं ऐकून घेतलं आणि हातातली जुडी बांधत त्याने एवढंच विचारलं, "तिले येत नव्हतं का, ताई?"

"येत होतं."

"मंग?"

पडदा, चौकट, छेदनबिंदू, असं काहीतरी मी सांगायला लागले. वहिनीने चहा आणला. भाची आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही.

यंत्र नसतं तर ती हाताने सोडवून वेळेत संपवून आली असती का? की पडद्यावर पूर्ण विश्वास ठेवला असता तर जास्त गुण मिळाले असते? आणि तो दुसरा बिंदू मी तिला दाखवलाच नसता तर? पण गणिताची बाई तो दाखवणार नाही तर कोण दाखवणार? माझ्या डोक्यात हे सारखं फिरत राहतं. कुठल्याच बाजूला मन ठरत नाही.

भाऊ म्हणाला होता, पुढच्या साली पुन्हा दे. तिने दिली नाही. आता ती अमरावतीला बी.एस्सी. करते. फोनवर हॉस्टेलचं जेवण, मैत्रिणी, सगळं भरभरून सांगते. विषय मात्र तिने रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलेत. गणित सोडलं. काऊन सोडलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.