पडद्यासमोर जोडलेले हात

"साहेब, मी नाय काय केलं. नुसता हात लावला."

माझा बाप खुर्चीतून उठून उभा होता. चपला त्याने दाराबाहेरच काढल्या होत्या. एसीतल्या गार फरशीवर अनवाणी, हात जोडून. समोर आमच्या कंपनीची नवी ऑपरेटिंग सिस्टीम, मराठीतली. पडद्यावर निळी चौकट: "तुम्ही चुकीची कृती केली आहे."

काचेपलीकडे माझी टीम पोट धरून हसत होती.

मी त्या टीममध्ये प्रोग्रामर. सिस्टीम बाजारात यायच्या आधी ती साध्या माणसांना वापरायला द्यायची, कुठे अडतात ते कॅमेऱ्यात टिपायचं, अशी पद्धत. कधी कॉम्प्युटरला हात न लावलेली माणसं हवी होती. मीच बापाला परळच्या चाळीतून घेऊन आले. केवढी हौस मला! पोरीने केलेलं त्याने बघावं. आमच्या ऑफिसचा टॉवर उभा होता तिथे आधी गिरणी होती. बाप कामाला होता तीच. संपानंतर त्याला कुणी आत घेतलं नाही. इतक्या वर्षांनी तो त्या फाटकातून शिरला, इस्त्रीचा शर्ट घालून.

बाप गिरणीत सूत कातायच्या खात्यात होता. मागावर आमच्या माणसांना घेत नसत. तिथे आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि आम्हा महारांचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालायचा नाही. पोरसवदा असताना बापाने एकदा सहज मागाला हात लावला. नेमका दोरा तुटला. भर खात्यात त्याच्या कानफटात बसली. आपल्या हाताने मशीन बिघडतं, हे तेव्हापासून त्याच्या अंगात मुरलेलं. पडदा म्हणाला चुकलास. त्याने मान्य केलं.

चूक सिस्टीमची होती. ती सगळ्यांकडेच अडकत होती. आदल्या दिवशी दादरचे एक रिटायर्ड प्रोफेसर आले होते. तीच चौकट आली तर आमच्यावरच खेकसले, "बंद करा हे भंगार!" त्यांना टीमने सॉरी म्हटलं. चहा पाजला.

माझ्या बापाला हसले.

घरी जाताना बाप म्हणाला, "माझ्यामुळं तुझी नोकरी तर नाय ना जायची?" रस्त्यातच मला रडू फुटलं. तो मलाच समजावत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "हा तुकडा लाँचला दाखवू. सो क्यूट!"

"ते माझे वडील आहेत. दाखवू नका."

"अगं, मग तर मस्तच. पर्सनल घेऊ नकोस."

दाखवलाच. मोठं हॉटेल, भरलेला हॉल. भिंतीएवढा माझा बाप, हात जोडलेला. लोक खदाखदा हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी उठले, पुढे गेले आणि प्रोजेक्टरची वायर उपटली.

"तो माझा बाप आहे," मी ओरडले. "त्याने काही केलेलं नाही. चूक आम्ही केली आणि त्याच्या माथी मारली."

"हिला बाहेर काढा." मॅनेजरचा आवाज. वॉचमन माझ्याजवळ आला, पण त्याला दंड धरवेना. मी माझी चालत गेले. नोकरी गेली. बापाला वाटायचं ते वाटलंच, त्याच्या हातामुळे गेली. कितीदा सांगितलं, पटलं नाही.

पुढे मी घरी कॉम्प्युटर आणला. बापाने मरेपर्यंत त्याला बोट लावलं नाही. लांब बसून बघायचा.

आता माझ्या हाताखाली चार जण काम करतात. "तुम्ही चुकलात" ही ओळ मी एकाही पडद्यावर जाऊ देत नाही. "आमच्याकडून चूक झाली" असं लिहायला लावते. पोरं कुरकुरतात, गिऱ्हाइकासमोर कमीपणा येतो म्हणतात.

येऊ दे. बापाचे हात मला सोडवता आले नाहीत. पण मी लिहिलेल्या पडद्यासमोर कुणाचा बाप हात जोडणार नाही. आणि जो जोडायला लावेल, त्याची वायर मी पुन्हा उपटेन.