भिजलेलं टपाल

मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी आबा ओसरीवर बसून माझे कागद बांधत होते. गुणपत्रिका, डिग्री, जन्मदाखला, पासपोर्ट. खताच्या पोत्याच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी असते, तशा दोन पिशव्या त्यांनी धुऊन वाळवून ठेवल्या होत्या. कागद एका पिशवीत घातले, तोंड दुमडलं, आणि ती दुसरीत उलटी घातली. एक तोंड वर, एक तोंड खाली. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली दोन रबरं.

आबा वर्ध्याजवळच्या आमच्या गावचे पोस्टमन. गावाला जोडून आणखी तीन वस्त्या. एकतीस वर्षं पावसाळ्यात त्यांनी टपाल असंच बांधून नेलं, काळ्या मातीच्या चिखलातून सायकल ओढत. "कागद भिजला का माणूस अडकते," एवढंच ते त्या दिवशी म्हणाले. आई मागे उभी राहून एस.टी.ची वेळ सांगत होती. रडायचं काम दोघांनीही मी गेल्यावर केलं असणार.

मुंबईच्या विमानतळावर मी त्या पिशव्या कचऱ्यात टाकल्या आणि कागद नव्या रेक्झिनच्या फोल्डरमध्ये ठेवले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट खताच्या पिशवीतून डिग्री काढणार नव्हती.

याला पंधरा वर्षं झाली. मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहते, गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण आमच्याकडे सांगण्यासारखं काही करणारी मीच पहिली. चाळिशी आली तेव्हा वाटलं, एकदा एकटीनं कुठंतरी जावं. दोन उन्हाळे इथं मोटरसायकल शिकले आणि युरोपात आठ दिवस बाइक चालवायचं ठरवलं. नवरा, समीर, म्हणाला, "एकटी? यार, तिथं इतक्या छान ट्रेन असतात!" नऊ वर्षांची ईरा म्हणाली, "आई, यू आर सो एक्स्ट्रा."

भीती मला बाइकची नव्हती. जे माझ्यासारखे वर्क व्हिसावर आहेत त्यांना हे सांगायला नको, गावाकडच्यांना सांगते. इथून बाहेर कुणीही पडू शकतो. परत आत घ्यायचं की नाही हे विमानतळावरच्या काउंटरवरचा माणूस पासपोर्ट बघून ठरवतो. सुट्टीला निघताना आमचे शेजारी सनस्क्रीन शोधतात, आम्ही व्हिसा मंजुरीची अप्रूव्हल नोटीस शोधतो. मी तर लग्नाचा दाखला आणि घरच्या प्रिंटरवर काढलेली डिग्रीची रंगीत कॉपीही घेतली. युरोपात बाइक चालवायला डिग्री कशाला लागते? लागत नाही. पण आपल्या माणसाला कागद अंगाला लागल्याशिवाय चैन पडत नाही.

निघण्याआधी आबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "दुहेरी बांधले न?"

"हो आबा," मी म्हणाले. जॅकेटवर वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं.

ॲमस्टरडॅमला बाइक भाड्यानं घेतली तेव्हापासून पाऊस. मुसळधार नाही, नुसता चिकट, न थांबणारा. तिथल्या शहरांत रस्त्यातून ट्रामचे रूळ जातात. ओल्या रुळावर चाक तिरकं गेलं की गाडी हातातून सुटते, म्हणून रूळ काटकोनात ओलांडायचे. माझे डोळे रुळांवर, आणि प्रत्येक सिग्नलला डावा हात छातीवर. आहे ना? आहे. हॉटेलच्या लॉकरवर माझा विश्वास नव्हता, म्हणून कागदांची सगळी चळत जॅकेटच्या आतल्या खिशात. बेल्जियममधल्या गेंटचं मोठं चर्च मी पाहिलं, असं माझ्या फोनमधले फोटो सांगतात. मला आठवतो तो फक्त खिशाचा फुगवटा.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ब्रसेल्सच्या हॉटेलात जॅकेट काढलं. जॅकेटनं त्याचं काम केलं होतं. पण पाणी गळ्यापाशी शिरून आत उतरलं होतं. खिशातून कागदांचा एक लगदा बाहेर आला. डिग्रीची कॉपी पासपोर्टच्या पानाला चिकटली होती. हळूच सोडवली तर विद्यापीठाच्या जांभळ्या शिक्क्याची उलटी छाप बरोबर अमेरिकेच्या व्हिसावर. त्यावरच्या माझ्या फोटोचा अर्धा गाल निळा पसरलेला.

मी पलंगावर बसले. परतताना डेट्रॉइटच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसानं नाही म्हटलं तर? ईराची शाळा, समीर, माझं टेबल, सगळं त्या निळ्या गालाच्या पलीकडे होतं. समीरला फोन केला असता तर त्यानं पाच मिनिटांत दहा लिंक पाठवल्या असत्या. मी आबांना केला. ओल्या कागदांतलं कळणारा, मला माहीत असलेला जगातला एकच माणूस.

"काहून वं, तोंड असं काहून उतरलं?"

मी पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला.

"ड्रायर-ब्रायर लावला का?"

"लावणारच होते."

"लावू नको. कागद तापला का मुरडते, अन् शाई पयते. वर्तमानपत्र आण. दर दोन पानांत एक तुकडा घाल. वरून वजन ठेव. तासातासानं तुकडे बदल. अन् पुसू नको, माय. कागद त्याच्या चालीनं वायते."

मग मला राहवलं नाही. "आबा, दुहेरी नव्हते बांधले. तुमच्या त्या पिशव्या तर मी मुंबईलाच टाकल्या होत्या."

"मले माहीत आहे."

"कसं?"

"पोचल्यावर खोलीचा फोटो धाडला होता न तू. कागद टेबलावर होते, पिशवी नव्हती."

पंधरा वर्षं त्यांना माहीत होतं. मागून आईचा आवाज आला, "तिले जेवली का ते विचारा आधी!"

रिसेप्शनवरून फ्रेंच वर्तमानपत्र आणलं, वर हेल्मेट आणि दोन्ही बूट ठेवले. पुढचा जर्मनीतल्या कोलोनचा मुक्काम कॅन्सल केला. दोन दिवस मी ब्रसेल्समध्ये तासातासाला तुकडे बदलत बसले. ॲमस्टरडॅमला परत जाताना पासपोर्ट हॉटेलच्या धुण्याच्या कपड्यांच्या दोन प्लास्टिक पिशव्यांमध्ये होता. एक तोंड वर, एक तोंड खाली. ट्यूबच्या रबरांऐवजी केसांची रबरं.

डेट्रॉइटला ऑफिसरनं व्हिसावरून अंगठा फिरवला आणि मला बाजूच्या खोलीत पाठवलं. तिथं फोन वापरायची परवानगी नव्हती. बाहेर समीर आणि ईरा आलेले होते. चाळीस मिनिटं मी भिंतीकडे बघत बसले. मग एका वयस्कर ऑफिसरनं बोलावलं.

"व्हॉट हॅपन्ड हिअर?"

"रेन. मोटरसायकल."

त्यानं माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं, कॉम्प्युटरवर काहीतरी तपासलं, पानं उलटली. शेवटचं पान प्लास्टिकखाली असल्यामुळे स्वच्छ होतं. आईवडिलांची नावं आणि गावचा पत्ता.

"धिस युअर होम?"

ट्रॉय म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, "माय फादर वॉज द मेलमन देअर."

"गेट अ न्यू पासपोर्ट, मॅम," म्हणत त्यानं तो पुढे सरकवला. बाहेर ईरा धावत आली आणि माझ्या जॅकेटला वास येतोय म्हणाली.

हा भिजलेला पासपोर्ट गावी गेले असताना काढला होता, त्यामुळे पत्ता आपोआप तिथला पडला. या वेळी नव्या पासपोर्टचा फॉर्म ट्रॉयच्या डायनिंग टेबलावर होता. सध्याचा पत्ता पटकन लिहिला. कायमच्या पत्त्यापाशी पेन थांबलं. पंधरा वर्षं जिथं राहिले नाही तो कायमचा कसा? आबांना फोन केला.

"आबा, मी तर केव्हाच निघून आले. तिथला पत्ता लिहू की इथला?"

"तुले वाटते तो लिही." मग म्हणाले, "तुयं टपाल अजून येते इथं. कॉलेजचं, बँकेचं. माणूस राहत नसला का 'गेले' असा शेरा मारून परत पाठवा लागते. माया हातानं किती लोकायच्या पत्रावर मारला मी."

"मग माझ्या?"

"नाई मारला. पेटीत आहे सारं, दुहेरी बांधून. आता नवी पोस्टमन बाई आली, तिलेही सांगून ठेवलं."

मी रकाना भरला. ईरा माझ्या खांद्यावरून वाचत होती. गावाचं नाव तिनं अडखळत उच्चारलं. "बट वी डोन्ट लिव्ह देअर."

"नाही राहत," मी म्हणाले. "पण तिथून आपलं टपाल परत जात नाही."