भिंतीला नाक लावणारा

दर दिवाळीआधी आमच्या ब्रह्माघाटावरच्या घरी रंग द्यायला एकच रंगारी येतो. आधी भिंतीवर बोटाने टकटक करतो, मग नाक लावून वास घेतो. त्याचं प्रत्येक वाक्य ‘देखिए’ने सुरू होतं. मला त्याचं हसू यायचं.

यंदा त्याने माझ्या लेकीच्या खोलीतलं कपाट ओढलं. मागे काळी बुरशी होती, थेट तिच्या उशीपर्यंत पसरलेली. मी म्हटलं, मागच्या वर्षीसारखा वरून रंग देऊन टाका.

“देखिए, वही तो गलती की थी,” तो म्हणाला. “बिटिया खाँसती है?”

दोन महिने ती खोकत होती. आम्ही सगळा दोष बदलत्या हवेला देत होतो. मी होकारार्थी मान हलवली.

त्याने वर पाहिलं. छताखालच्या दोरीवर बाबांचं ओलं सोवळं वाळत होतं. गच्चीवर माकडं शिवतात, म्हणून ते रोज इथेच, खिडकी लावून.

तो सोवळ्याला शिवला नाही. त्याने फक्त खिडकी उघडली, लेकीची खाट भिंतीपासून लांब सरकवली आणि ब्रश न भिजवताच पिशवीत ठेवले.

“देखिए, पहले दीवार सुखाइए. और डॉक्टर को यह दीवार भी बताइए.”

तो जिना उतरताना खोकला. इतकी वर्षं त्याचा हा खोकला मला चुन्यामुळे येणारा वाटायचा. आज आतल्या खोलीत लेक खोकली, आणि दोन्ही आवाज मला सारखेच, भिंतीतल्या बुरशीचे वाटले.