साहेबांना गेटवर थांबवणारे वानखेडे काका

ज्या माणसाने आमच्या मालकाला कंपनीच्या गेटवर गाडीतून उतरवून मशीनमध्ये फुंकायला लावलं, तो माणूस आज सकाळी गेला.

वानखेडे काका. आमचे सिक्युरिटी गार्ड. कुरुदच्या घरी, चहा पिता पिता. हार्ट.

मी त्याच कंपनीत डिस्पॅचला आहे. इथे भिलाईतच, छोटी फॅब्रिकेशन कंपनी. नाव लिहीत नाही.

आमच्याकडे नियम आहे. सकाळी गेटवर प्रत्येकाने दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं. लाल लाइट लागला की घरी. क्रेन आहे, गॅस कटिंग आहे, पिऊन आलेला माणूस आत नको. बरोबरच आहे.

साहू नावाच्या वेल्डरचा लाइट दोनदा लागला. दुसऱ्यांदा नोकरी गेली. तेव्हा मशीन काकांच्याच हातात होतं.

साहेबांची गाडी मात्र न थांबता आत जायची.

साहेब म्हणजे आमचे एमडी, मालकच. माणूस वाईट नाही. माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात येऊन तीन तास बसले होते.

पण प्यायचे. सगळ्यांना माहीत होतं.

"सही पाहिजे असेल तर लंचच्या आधी घे," हे मला जॉइन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. मी कधी विचारलं नाही, का म्हणून.

मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी साहेबांनी स्वतः गाडी चालवली आणि सायकलवर घरी चाललेल्या एका गवंड्याला उडवलं. त्याचा पाय मोडला. पोलिसांनी साहेबांना जागेवरच फुंकायला लावलं आणि अरेस्ट केलं. संध्याकाळी बेलवर सुटले.

सोमवारी सगळ्यांच्या मोबाइलवर त्या अरेस्टचा व्हिडिओ.

तुम्हाला वाटेल ऑफिसात गोंधळ झाला असेल. काही नाही झालं. कॅन्टीनमध्ये एक जण म्हणाला, "होना ही था." बाकीचे जेवत राहिले.

राग यायला पण ताकद लागते. आमची सगळी सांभाळून घेण्यात गेली होती.

दुपारी एचआर मॅनेजर कागद घेऊन फिरले. 'साहेब आम्हाला वडिलांसारखे आहेत, आम्ही त्यांच्या पाठीशी आहोत.' खाली सह्या.

मी सही केली.

कागद गेटवर गेला. काका म्हणाले, "चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

गुरुवारी सकाळी साहेब आले. गाडी ड्रायव्हर चालवत होता. शिफ्टची लाइन लागलेली. मी पण लाइनीत होते.

काकांनी गेटचा दांडा वर केला नाही.

मागच्या काचेपाशी गेले. "साहेब, उतरा जरा. फुंका."

एचआर मॅनेजर आतून धावत आले. "काका, पागल हो गए हो क्या?"

"बोर्डावर लिहून आहे नं साहेब. प्रत्येक माणूस."

काच खाली झाली. साहेब काकांकडे बघत राहिले. मग उतरले. सगळ्यांसमोर फुंकलं.

सकाळचे नऊ वाजले होते. लाइट लाल.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं कोणीतरी हसेल.

काका सगळ्यांना म्हणायचे तेच म्हणाले, त्याच आवाजात. "आज घरी जा. उद्या या."

साहेब ऑफिसात नेहमी हिंदी बोलायचे. त्या दिवशी मराठीत बोलले.

"काका, किती वर्षं झाली तुम्हाले इथं?"

"अकरा."

"मग आधी कावून नाही थांबवलं मले?"

साहेब गाडीत बसून परत गेले.

त्यानंतर ते बरेच महिने आलेच नाहीत. नागपूरला ट्रीटमेंट चालू आहे, एवढं कळलं. खुर्चीवर त्यांचे भाऊ बसले. केस अजून चालू आहे.

आणि काकांची ड्यूटी मागच्या स्क्रॅप गेटवर लागली. तिथे दिवसातून चार ट्रक येतात. ना पंखा, ना बोलायला माणूस.

आम्ही कोणी एक शब्द बोललो नाही. वर म्हणालो, "बरंच झालं, आराम आहे तिथे."

एकदा मी डबा घेऊन गेले. म्हटलं, "काका, तुमची हिंमत मोठी."

"कायची हिंमत, माय. साहूले मी घरी पाठवलं. त्याची बायको गेटवर येऊन रडली, तरी मी नाही म्हटलं. मग साहेबाले कसं सोडू? थकलो होतो मी, दोन दोन नियम सांभाळून."

मग डब्याचं झाकण काढलं.

"पण साहेब बरोबर बोलला. आधीच थांबवलं असतं, त गवंड्याचा पाय वाचला असता."

त्या गवंड्याला भेटायला काका दोनदा जाऊन आले होते, हे मला आज त्यांच्या मुलीने सांगितलं.

आज कुरुदला सगळी कंपनी होती. साहू आला होता. ई-रिक्षा चालवतो आता. खांदा दिला त्याने.

साहेब पण आले. खूप वाळलेत. मागे एकटेच उभे होते, कोणी जवळ जाईना. शेवटी मीच गेले.

म्हणाले, "चौदा महिने झाले, एक थेंब नाही. काकाले येऊन सांगायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करून राहिलो."

माझंही तेच झालं होतं. त्या कागदावर मी सही केली, हे मी काकांना कधी सांगितलं नाही.

काका, त्या सकाळी तुम्ही एकटे होता. आज आम्ही सत्तर जण आलो.

फार उशिरा आलो.

माफ करा. मनापासून नमस्कार.